हुर्राकच तर आहे, घेऊंदे घोटभर? पोरांची दारू आणि पुढचं आयुष्य

वाळपईची_मास्तरीण
मंडळी, हुर्राक म्हणजे काजूच्या आंबवलेल्या रसाची पहिल्या वाफेची दारू, तिच्या भट्ट्या पेटायच्या दिवसांत आमच्याकडे गोव्यात घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "हुर्राकच तर आहे, घेऊंदे घोटभर, घरातच घेतोय ना". हे बोललं जातं दहावी-अकरावीतल्या पोरांबद्दल. मी उच्च माध्यमिकला शिकवते, पोरं रोज डोळ्यासमोर असतात, आणि मला या वाक्याचा आता खरंच राग यायला लागलाय म्हणून हा धागा काढतेय.

आधीच सांगते, मी फेणीच्या विरोधात नाही. काजू फेणीला २००९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ ला सरकारने तिला हेरिटेज ड्रिंक केलं, मलाही त्याचं कौतुक आहे, आणि आमच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या मोसमावर किती घरांची चूल पेटते ते मी जवळून बघते. मोठ्या माणसाने काय प्यावं ते त्याचं तो बघेल. माझा सगळा मुद्दा वयाचा आहे. जितक्या लहानपणी सुरुवात तितका पुढे त्रास जास्त, आणि हे कुठल्या परक्या देशातलं नाही, आपल्या उत्तर गोव्यातल्या २० ते ४९ वयाच्या जवळपास १,९०० पुरुषांना विचारून केलेला अभ्यास आहे, २०१४ ला जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी अँड कम्युनिटी हेल्थ मध्ये आला होता. १९५६ ते ६० च्या दरम्यान जन्मलेल्यांत किशोरवयात दारू सुरू करणारे होते १९.५ टक्के. १९८१ ते ८५ मध्ये जन्मलेल्यांत तेच ७४.३ टक्के. म्हणजे एका पिढीत चित्र उलटंच झालं. आणि लवकर सुरू केलेल्यांत पुढे व्यसन जडणं, अंगाला अपाय होईल इतकं पिणं, दारूपायी इजा होणं, मानसिक ताण, हे सगळं जास्त दिसलं.

१९८५ ला जन्मलेला माणूस आज कुणाचा तरी बाप आहे, तोच आता आपल्या पोराला घोट देतोय. तुमच्या वाड्यावर काय परिस्थिती आहे, आणि तुम्ही घरात काय करता, ते लिहा.

मडगावकर_६८
ताई, तुमची कळकळ समजते पण थोडं वेगळं मत मांडतो. आमचे आजोबा रोज जेवणाआधी एक पेग फेणी घ्यायचे, नव्वदीपर्यंत ताठ चालले. आम्हाला सर्दी झाली की आजीच फेणी छातीला चोळायची आणि चमचाभर पाजायची. बंदी घातली की पोरं लपून पितात, कुठेतरी शेतात नाहीतर नदीवर जाऊन, आणि तिथे काय झालं तर कोण बघणार? त्यापेक्षा घरात बापासमोर घेतली तर मर्यादा शिकतो असं माझं प्रामाणिक मत आहे. युरोपात जेवणाबरोबर मुलांना वाईन देतातच की.

आकडेमोड
दोन गोष्टी लिहितो. पहिली, मास्तरीणबाईंनी दिलेल्या आकड्याला एक जोड. ते ७४.३ टक्के म्हणजे पिणाऱ्यांपैकी, सगळ्या पुरुषांपैकी नव्हे, त्या अभ्यासात आयुष्यात कधीतरी दारू घेतलेले पुरुष एकूण ३९ टक्केच होते. कुणी व्हॉट्सॅपवर "गोव्यातली पाऊण पोरं पितात" असं फिरवू नका, ते खोटं ठरेल आणि मग खऱ्या मुद्द्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

दुसरी, मडगावकर काकांच्या मुद्द्याबद्दल. "घरात दिली तर शिकतो" हे ऐकायला पटतं, म्हणूनच ऑस्ट्रेलियात ते तपासून पाहिलं. १,९२७ मुलांच्या मागे सहा वर्षं राहिले, साधारण बारा-तेरा वर्षांची असल्यापासून, २०१८ ला लॅन्सेट पब्लिक हेल्थ मध्ये छापून आलं. आईबापांनी दिल्यामुळे मुलं जपून प्यायला शिकली असं कुठेच दिसलं नाही. उलट ज्यांना घरातून मिळत होती त्यांना बाहेरून मिळण्याची शक्यता वाढली, आणि एका बैठकीत भरपूर पिणं, दारूपायी होणारे त्रास, हे न मिळणाऱ्या मुलांपेक्षा जास्तच निघाले. घरातला घोट हा परवाना ठरतो, काका. अमेरिकेत १९९७ ला एक मोठं विश्लेषण आलं होतं, त्यात पंधराव्या वर्षाआधी सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे कधी ना कधी दारूच्या आहारी गेले, वीस-एकवीसला सुरू केलेल्यांत तेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास.

सांगेचो_पात्राव
पण हे कशावरून की लवकर प्यायल्यामुळेच झालं? ज्या घरात बाप पितो, भांडणं आहेत, पैशाची ओढाताण आहे, तिथलं पोर लवकर पिणार आणि पुढेही त्याचं वाईट होणार. आमच्या भागात खाण २०१२ ला बंद पडली, परत सुरू झाली, २०१८ ला परत बंद, ट्रक दारात उभे राहिले, बाप सकाळपासून तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात. त्या घरातल्या पोराचा दोष दारूच्या वयावर ढकलून कसं चालेल? मुळात घराची घडी विस्कटलीय.

आकडेमोड
@सांगेचो_पात्राव, रास्त शंका आहे. घरची परिस्थिती, बापाचं पिणं, पोराचा मूळचा उतावळा स्वभाव, हे सगळं त्यात मिसळलेलं असतंच आणि अशा अभ्यासातून ते पूर्ण वेगळं काढता येत नाही. गोव्याच्या अभ्यासात तर मोठ्या माणसांना आठवून सांगायचं होतं की पहिला घोट कधी घेतला, त्यात थोडं मागेपुढे होणारच. पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतीने बघितलं तरी बोट त्याच दिशेला जातं. आणि जरी घर हेच मूळ धरलं तरी अशा घरातल्या पोराला दारू उशिरा मिळणं जास्तच गरजेचं नाही का? खाण सुरू करणं आपल्या हातात नाही, पोराच्या हातात ग्लास न देणं आहे.

परिचारिका_पेडणे
मी बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डला काम करते, हॉस्पिटलचं नाव नको. जे बघते ते लिहिते.

लिव्हर खराब झालेला पेशंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर साठीचा म्हातारा येतो. आमच्याकडे पस्तिशीचे येतात. डोळे हळदीसारखे पिवळे, हातपाय काडीसारखे आणि पोट पाण्याने तट्ट फुगलेलं, सुई घालून ते पाणी काढायचं, काही दिवसांत परत भरतं. कुणाला रक्ताची उलटी होते, बायको टॉवेल घेऊन उभी. फाईल भरताना आम्ही विचारतो किती वर्षं घेता. तो हळूच सांगतो, वीस वर्षं. मी लिहून घेते, आणि मनात पस्तिसातून वीस वजा होतातच. पंधरा. दहावीचं वर्ष.

लिव्हर काही एका रात्रीत जात नाही. आधी चरबी साठते, त्या टप्प्यावर थांबलं तर बहुतेकांचं पूर्ववत होतं, मग सूज, मग व्रण पडून लिव्हर घट्ट होतं, त्याला सिरॉसिस म्हणतात, तिथून मागे येणं फार कठीण. या सगळ्याला वर्षं लागतात, आणि पंधराव्या वर्षी सुरू करणारा ती वर्षं तरुणपणातच भरून टाकतो. म्हणून तो तिशी-पस्तिशीत आमच्याकडे येतो, पोरं अजून बालवाडीत असताना.

कॅन्सरचं तर कुणी बोलतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने दारूला १९८८ सालीच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेल्या गोष्टींत टाकलंय, तंबाखू आहे त्याच गटात. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि बायकांत स्तन, इतक्या ठिकाणी संबंध पक्का आहे. शरीरात दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड बनतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. त्यात फेणी घरची की फॅक्टरीची हा फरक शरीराला कळत नाही. आणि सोबत गुटखा-सिगरेट असेल तर तोंड-घशाचा धोका नुसता बेरीज होत नाही, कितीतरी पटीने वाढतो.

मडगावकर काका, तुमचे आजोबा नव्वद जगले हे देवाचं देणं. वॉर्डातले जे पस्तिशीत गेले त्यांचे नातू आजोबांच्या गोष्टी सांगायला येणारच नाहीत.

बोंडू_आणि_भट्टी
आमची पिढ्यान् पिढ्या भट्टी आहे म्हणून लिहितो. बोंडं मळून निरो काढायचा, रस आंबवायचा, पहिल्या वाफेचा हुर्राक, तो परत आंबलेल्या रसात घालून उकळला की फेणी. लहानपणापासून तिथेच वाढलो. माझ्या वडिलांनी एक नियम कडक ठेवलेला, पोरांनी बोंडं वेचायची, निरो हवा तेवढा प्यायचा, पण वाफ निघायला लागली की घरी जायचं. धारेचा माल चाखून बघायचं काम फक्त त्यांचं. मी माझ्या पोरालाही तसंच ठेवलंय. भट्टीवाल्याच्या घरात हे जमतं तर कुणाच्याही घरात जमेल.

आणि "हुर्राक हलका" म्हणणाऱ्यांसाठी, हुर्राक साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असतो, स्ट्राँग बियर ८ टक्के. लिंबू सोडा नाहीतर लिम्का, मीठ, हिरवी मिरची घातली की सरबतासारखा लागतो, पोराला कळतच नाही किती पोटात गेलं. उन्हातून आलेलं तहानलेलं पोर तर घटाघट पितं. म्हणूनच तो जास्त जपायचा.

आकडेमोड
भाऊ, फार कामाचं लिहिलंत. हिशोब जोडतो. आपल्याकडे एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. हुर्राकचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे जवळपास १८ ग्रॅम. स्ट्राँग बियरची ६५० ची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, चार ड्रिंक झाली. व्हिस्कीची एक क्वार्टर म्हणजे सहा. "दोघांत एक क्वार्टर मारली" म्हणणारं पोर तीन ड्रिंक घेऊन स्कूटर काढतं.

एकोणीस_चालू
मी वयाने इथे सगळ्यात लहान असेन. खरं कसं असतं ते सांगतो कारण मोठ्यांना वाटतं आम्ही गणेश चवथीला नाहीतर जत्रेला शिकतो. आमच्याकडे नरकासुराच्या रात्री शिकतात. दिवाळीच्या आधी दोन-तीन आठवडे मांगर म्हणजे शेताकडचं खोपट नाहीतर कुणाचं गॅरेज घेतात, वेल्डिंग करून नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा उभा करतात, लहान पोरं खळ लावून पेपर चिकटवत बसतात, रंग, मुखवटा, स्पीकर. वर्गणी मोठी पोरं गोळा करतात. रात्री अकरानंतर त्यातूनच बियरचा क्रेट येतो, आणि क्वार्टर कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून फिरवतात, म्हणजे कोण मोठा आला तर कोक दिसतो. आठवी-नववीतल्या पोराला आधी फक्त ग्लास धुवायला लावतात. पुढच्या वर्षी त्याला "घे रे, आता तू आमच्यातला" म्हणतात. तो ग्लास नाकारायला फार धाडस लागतं, कारण वर्षभर फुटबॉल त्यांच्याबरोबरच खेळायचा असतो.

आई-बाबांना वाटतं पोर वाड्यावरच आहे, देवाच्या कामाला आहे.

फोंड्याची_वहिनी
बाळा, हे लिहिलंस ते बरं केलंस, कितीतरी आया हे वाचतील. मला एक विचारायचं आहे, सगळे पोरांबद्दलच बोलताय, मुलींचं काय? माझी लेक बारावीत, तिच्या वर्गातल्या मुली वाढदिवसाला ब्रीझर आणतात, घरात माहीत नसतं. बाईच्या अंगात तेवढ्याच दारूचा परिणाम जास्त होतो असं ऐकलंय, खरं का?

परिचारिका_पेडणे
वहिनी, खरं आहे. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू रक्तात जास्त दाट राहते, लिव्हरचा त्रासही कमी दारूत आणि कमी वर्षांत सुरू होतो. स्तनाच्या कॅन्सरचा धोका तर थोड्या दारूनेही वाढतो. लेकीशी रागावून नको, पण हे सरळ सांगा. ब्रीझर हे सरबत नाही.

मेंदूचंही राहिलं होतं लिहायचं. विचार करून थांबवणारा जो पुढचा भाग असतो तो पंचविशीपर्यंत तयार होत असतो, मजा शोधणारा भाग मात्र आधीच जोरात असतो. म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण आणि ब्रेक अर्धा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असंही दिसलंय की कोवळ्या वयात दारूची गुंगी आणि तोल जाणं उशिरा जाणवतं, त्यामुळे पुरे झालं हा इशाराच नीट मिळत नाही. "आमचा पोरगा चांगली पचवतो" असं अभिमानाने सांगणारे बाप मी बघितलेत. पचवतो हीच काळजीची गोष्ट आहे, पुढे आहारी जाणाऱ्यांत अशीच जास्त असतात.

म्हापशाचा_दुकानदार
वाईन शॉप आमचं. शिव्या बसणार माहीत आहे तरी लिहितो. कायद्याने २१ खाली विकता येत नाही, बोर्ड लावलाय, मी विचारतो. पण बापच चिठ्ठी देऊन पोराला पाठवतो, "अमक्याचा पोर, दोन बियर दे". परत पाठवला की बाप भांडायला येतो, ओळखीतला असतो, दुसऱ्या दुकानात जातो आणि तिथे मिळते. एकट्या दुकानदाराने काय करायचं?

आकडेमोड
त्या बापाला दोन कायदे दाखवा. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७, डॉक्टरने सांगितल्याशिवाय अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. देणारा कुणीही असो, दुकानदार असो की काका. आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ ला आलेलं कलम १९९अ, अल्पवयीन पोराने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक नाहीतर गाडीमालक जबाबदार, २५,००० दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पोराला दारू आणि स्कूटरची चावी एकाच रात्री मिळते म्हणून दोन्ही सांगितले.

मडगावकर_६८
सगळं वाचलं. माझ्या मुलाशी बोललो, नातू चौदाचा आहे. नर्सबाईंचं ते वजाबाकीचं मनाला लागलं. आजोबांच्या बाबतीत एक आठवलं, त्यांनी आम्हाला कधी ग्लास पुढे केला नव्हता, आम्ही त्यांना बघत होतो एवढंच. एक विचारतो, मग पोरांना रोखायचं कसं? नुसतं नको म्हणून भागत नाही.

वाळपईची_मास्तरीण
काका, नुसत्या भाषणाने काही होत नाही, शाळेत व्याख्यान ठेवलं की पोरं मागच्या बाकावर मोबाईल बघतात. आइसलँडमध्ये १९९८ ला पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांपैकी ४२ टक्के महिन्याभरात कधीतरी झिंगेपर्यंत प्यायलेली असायची, २०१६ ला तेच ५ टक्क्यांवर आलं. काय केलं? पोरांना संध्याकाळी खेळ, संगीत, नाच यांसाठी पैसे दिले, रात्री उशिरा बाहेर फिरण्यावर वेळेची मर्यादा घातली, आणि आईबापांनी एकमेकांत करार केले की कुणाच्याच घरी मुलांना दारू मिळणार नाही. मला तो शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका घराने ठरवून चालत नाही कारण पोर शेजारच्या घरात जातं.

आपल्याकडे तर घुमट आरती आहे, शिगम्याचे मेळ, नाटकं, फुटबॉल, भजनं, काय कमी आहे? पोरं येतात पण तिथेच बाटली येते हा घोळ आहे. @एकोणीस_चालू, तुमच्या मंडळात अठराखालच्या पोरांनी दहाला घरी, आणि वर्गणीचा हिशोब आयांसमोर मांडायचा, एवढं झालं तरी क्रेट कुठून येणार?

एकोणीस_चालू
हिशोबाचं चालेल, खरंच चालेल, कारण हिशोब कुणी विचारतच नाही. दहाला घरी म्हटलं तर पोरं ऐकणार नाहीत, पेपर चिकटवायचं काम रात्रीच असतं. पण दोन आया आळीपाळीने चहा घेऊन येऊन बसल्या तर बाटली बाहेर निघणार नाही. मोठी पोरं आईसमोर लाजतात.

फोंड्याची_वहिनी
चहा मी आणते!! आमच्या वाड्यावर आजच बोलते.

सांगेचो_पात्राव
आयांनी बसायचं आणि बापांनी? बापांनीही बसायला हवं, आणि न पिता बसायला हवं. पोर आपलं तोंड बघत नाही, आपला हात बघतं.

नाव_नको
नवीन आयडी काढून लिहितेय. माझा भाऊ २६ चा, पंधराव्या वर्षापासून घेतो. आता सकाळी उठला की हात थरथरतात, थोडी घेतली की थांबतात. काल रडला आणि म्हणाला सोमवारपासून एकदम बंद, घरातच राहतो, मला खोलीत कोंडून ठेवा. आई खूश आहे, नवस बोललीय. मला भीती वाटते. हे असं घरात करता येतं का? कुणाला सांगितलं तर गावभर होईल.

परिचारिका_पेडणे
बाय माझे, कोंडून ठेवू नका, कृपा करून. सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीराला सवय जडलीय, अशात एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम, ताप, नसलेलं दिसणं सुरू होऊ शकतं, त्यात जीवही जातो. डॉक्टरच्या देखरेखीखाली औषध देऊन, ते हळूहळू कमी करत आणि बी-वन जीवनसत्त्व देऊन हे नीट आणि सुरक्षित होतं. तो स्वतः तयार झालाय ही फार मोठी गोष्ट आहे, तयारी आहे तोवर सोमवारची वाट न बघता न्या. पण डॉक्टरला भेटेपर्यंत स्वतःहून एकदम तोडू नका.

बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आयपीएचबी, तिथल्या ओपीडीत न्या, नाहीतर गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही जाता येईल, ते पुढे पाठवतील. आधी फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, दिवसरात्र असतो, नाव सांगायची सक्ती नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ पण आहे. औषधानंतर समुपदेशन लागतंच, ते सोडू नका. पर्वरीच्या संगथ संस्थेने गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत अपायकारक पिणाऱ्या पुरुषांवर प्रयोग केला होता, २०१७ ला लॅन्सेट मध्ये आला, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी एक ते चार वेळा बसून बोललं तर तीन महिन्यांनी सावरलेले ३६ टक्के, नेहमीच्या उपचारात २६. भावाचं प्रकरण त्यापुढचं आहे, त्याला आधी डॉक्टरच हवा, पण बोलण्याचा उपयोग होतो एवढं आईला सांग.

जाताना हे लिहून ने: रोज किती घेतो आणि कुठली, शेवटची कधी घेतली, आधी कधी बंद केल्यावर फिट आली होती का, डोक्याला मार लागलेला का, दुसरी काही औषधं चालू आहेत का. तो लाजून कमी सांगेल, तू खरं सांग. वाटेत किंवा घरी फिट आली, बरळायला लागला तर १०८ लाव, तोंडात काही घालू नकोस, कुशीवर वळवून ठेव.

नाव_नको
ताई, देव बरें करूं. आईला वाचून दाखवलं. मामाची गाडी आहे, सकाळी आठला निघतो. ओपीडीत आधार कार्ड लागतं का?

परिचारिका_पेडणे
असेल तर घे, जुने रिपोर्ट असतील तर तेही. सकाळी लवकर पोच, केस पेपरची रांग असते. काही खाऊन निघा, पाण्याची बाटली ठेव, आणि मामाला गाडीत त्याच्याशी भांडू नको म्हणून सांग.